आमच्या ह्यांचा विटाळ

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं आणि सांगितलं की गाठ परत उठली आहे, कंबरेच्या हाडापर्यंत पोचली आहे, आणि आता ह्यांची दोन्ही अंडं काढून टाकावी लागतील. डॉक्टर बोलले तसंच मी लिहिते. आडपडदा ठेवून बोलायचा मला तेव्हाही कंटाळा होता, आणि आता ह्या वयात तर कुणाची भीडही उरलेली नाही. हे ना माझ्याकडं बघेनात, ना डॉक्टरांकडं. भिंतीवर एक खुंटी होती, तिच्यावर नजर लावून बसले.

देश स्वतंत्र होऊन सातआठ वर्षं झाली असतील. आमचं गाव निमगाव केतकी, इंदापूर तालुक्यातलं. घरचा पानमळा, विहिरीवर मोट, धाकटे दीर आणि आम्ही एकत्र. थोरल्या मुलाचं लग्न होऊन सून घरात आली होती, मुलगा मात्र बारामतीला नोकरीला, आठवड्याला येऊन जायचा. माझे वडील बारामतीत शाळामास्तर, म्हणून मी सात यत्ता शिकलेली. गावात मला लोक जरा दबकून असायचे, ते शिक्षणाला की माझ्या तोंडाला, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांची लघवी तुंबली तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनीच पुण्याला धाडलं होतं. पोट फाडून गाठ काढली, ती तपासली, आणि कॅन्सर हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला. पण पुढचे दिवस बरे गेले. आम्ही म्हटलं, चला, सुटलो. मग ह्यांची कंबर धरली. मोट हाकता हाकता विहिरीच्या उतारावर, धावेवरच, खाली बसायला लागले, मग बसलेलं उठवेना, मग पुन्हा लघवी अडली. पुन्हा बारामती, पुन्हा ती दौंडपर्यंत रडतखडत जाणारी छोटी गाडी, पुन्हा पुणे.

डॉक्टर माणूस सरळ होता. म्हणाला, ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसते. रस तोडला की ती उपाशी पडते. जखम भरली की मग गोळ्या सुरू करू, त्या बायकांच्या अंगात असतो तसल्या रसाच्या. रोग मुळासकट जाईल असं मी सांगत नाही, पण दुखणं थांबेल आणि काही वर्षं हाताला लागतील.

हे उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. मी मागोमाग.

"मी काय बैल हाय व्हय, खच्ची करायला?" इतक्या मोठ्यांदा बोलले की दोन नर्सबाया वळून बघायला लागल्या.

माझाही पारा चढला. रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी भांडते. म्हटलं, "अवो, घरी मोटंला जुंपलेली बैलं कसली हायती? खच्ची केल्यालीच न्हवं? वळू कवा कुनी मोटंला जुंपलाय का? गावभर हुंदडतो नि लोकाच्या कडब्यात तोंड घालतो. कामाचा कोन, ते तुमीच सांगा."

त्यांनी असे डोळे वटारले की दुसरी कुणी असती तर पळाली असती. मी कुठं पळणार? पदरानं तोंड पुसलं आणि तिथंच उभी राहिले. शेवटी खाकरले. "तुझ्या जिभंला हाडच न्हाय बघ," म्हणाले आणि आत गेले. डॉक्टरांच्या टेबलापुढं उभं राहून बोलले, "कापा. पर मला माझ्या पानमळ्यात परत उभं राह्यचं हाय. खाटंवर पडून जगायचं आसंल तर नगं."

डॉक्टर म्हणाले, "उभे राहाल."

बस, एवढाच सौदा. दुसरं काहीही त्यांनी मागितलं नाही. पुढं घरात जे काही झालं ते सगळं ह्या एकाच गोष्टीसाठी झालं, की हा माणूस परत आपल्या मळ्यात उभा राहणार की नाही.

ऑपरेशन झालं आणि खरंच सांगते, आठवडा व्हायच्या आत कंबरेची कळ गेली. जो माणूस कूस बदलताना ओरडायचा तो भिंत धरून चालायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या अंगानं नवीन साडेसाती सुरू झाली. खालून नळ्या घालून अडलेली वाट मोकळी केली होती, त्यात लघवीवरचा ताबाच गेला. खोकला आला, शिंक आली, वाकलं, उठलं, की थोडी व्हायचीच. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल, न सुधारली तर सवय करून घ्या. सवय करून घ्या! सांगायला त्यांचं काय जातंय?

परत येताना बारामतीहून निमगावच्या एस.टी.त हे बसलेच नाहीत. बाकडी रिकामी होती. कंडक्टरनं दोनदा सांगितलं, "तात्या, बसून घ्या की." हे आपले दांडीला धरून उभे, अंगावर घोंगडी, ती पुढून घट्ट धरलेली. घोंगडीखाली काय झालंय ते मला ठाऊक होतं. गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्यांच्याकडं बघितलं असतं तर त्यांना आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

घरी आले ते सोप्याच्या कोपऱ्यात बसले, आणि तिथंच मुक्काम. माणसं भेटायला यायची, "तात्या, बरं हाय न्हवं?" विचारायची, हे नुसती मान हलवायचे. पारावर जायचं बंद. न्हाव्याकडं एकदा गेले तर तो बिचारा सगळ्यांदेखत बोलून गेला, "तात्या, ह्या खेपंला दाढी वाढलीच न्हाय की तुमची." त्याच्या मनात काही नव्हतं. पण चार माणसं हसली आणि त्या दिवसापासून हे घरीच आरशापुढं बसून दाढी करायला लागले. मिशी तेवढी राखली, तीही दिवसातून पन्नासदा चाचपून बघायचे.

कपड्याचं मी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं. बायकांना ह्यात शिकवायला लागत नाही. माझं जुनं लुगडं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, त्याच्या मी घड्या शिवल्या, कडेला नाड्या लावल्या. लंगोटाच्या आत घातली की झालं. धुवायची, उन्हात वाळवायची. मी ती त्यांच्या हातात दिली तर त्यांनी ती अंगणात भिरकावली.

"बायकांचं फडकं मी बांधू? ह्ये एवढंच ऱ्हायलं हुतं व्हय माजं?"

"नका बांधू. धोतरं धुवायला मी हायेच मोलकरीन," असं म्हणून मी फडकं उचललं आणि आत गेले. राग मलाही आला होता. पण घड्या मी टाकल्या नाहीत, फडताळात ठेवून दिल्या. मी पक्की होते. आज ना उद्या हा माणूस वळेल.

मग आली पौषातली ती सकाळ. अशी थंडी की चुलीपुढं बसून माझी बोटं आखडलेली. हे सोप्यावर घोंगडी लपेटून चहा पीत होते. एकाएकी कपबशी आदळली, घोंगडी फेकली, सदऱ्याच्या गुंड्या ओढून उघडल्या. तोंड लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा.

"मेलो गं! आतनं पेटलंय सगळं. ताप डोक्यात गेला माज्या. बलाव कुनाला तरी!"

मी धावत जाऊन कपाळाला हात लावला. ताप नाही, काही नाही. छाती धडधडतेय, अंग भिजलेलं. आणि मला एकदम उमगलं, आणि काय सांगू, मला असं हसू फुटलं की आवरेचना. कित्येक महिन्यांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. सून भाकरी टाकायची सोडून बघायला आली.

"नवरा मराया लागलाय नि ही दात काढती!"

"अवो, कुनी मरत न्हाय. ह्ये मला ठावं हाय. माजा विटाळ गेला तवा दोन सालं मला ह्येच हुत हुतं. ध्यानात हाय का? भर थंडीत मी अंगनात येऊन बसायची, नि तुमी म्हनायचा, थेरं करती म्हनून."

"बायकांचं दुखनं मला कसं व्हईल?"

"का न्हाय व्हनार? डॉक्टर काय म्हनलं? रस तोडला. माजाबी तुटलाच की, वयानं. दोघांचं एकच झालं आता."

ते माझ्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात घाम ओसरला आणि अंगाला हुडहुडी भरली, तशी मी घोंगडी परत अंगावर टाकली. म्हटलं, आता ऐका. दाराच्या तोंडाशी बसत जा, वारं लागतं. पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. कडक चहा कमी करा. आणि ते यायला लागलं की त्याच्याशी झगडू नका, येऊ द्या आणि जाऊ द्या. हे निमूटपणे ऐकत होते. आमच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली असतील, तेवढ्या काळात मी सांगतेय आणि हे ऐकतायत असं पहिल्यांदा घडलं.

मग हळूच म्हणाले, "तुला लई व्हायचं का गं ह्ये?"

"लई."

"मला वाटलं, थेरंच हायती."

मी उठून चुलीकडं गेले. चुलीवर भाकरी करपत होती.

पुढच्या खेपेला पुण्याहून गोळ्या आल्या. गोळ्यांनी तो आतला वणवा विझला, पण छाती भरून आली. अगदी वयात येणाऱ्या पोरीसारखी, आणि सदरा घासला तरी ठणकायची. उन्हाळा तोंडावर आलेला आणि हे जाड बंडी घालून बसायचे, कुणाला दिसू नये म्हणून. मी बंडीला आतून मलमलीचं अस्तर लावून दिलं. बाकी नवरा-बायकोतलं जे होतं ते संपलंच होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं की. खोटं कशाला बोलू? दांडगा, मिशीला पीळ देणारा माझा नवरा कुठं गेला म्हणून मी न्हाणीत पाण्याचा आवाज करून रडले आहे. पण रडून झालं की बाहेर येऊन कामाला लागायचे. तो सोप्यावर बसलेला होता ना, जिता होता ना, मग झालं तर.

फाल्गुनात एका सकाळी हे आपणहून उठले. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि अनवाणी मळ्याकडं निघाले.

इथं मला पानमळ्याची रीत सांगायला हवी. पानाचा वेल आमच्याकडं सोवळा मानतात. मळ्यात पायताण घालून जायचं नाही, पारोशानं जायचं नाही, मयताहून आलेल्यानं जायचं नाही. आणि बाईला कावळा शिवलेला असला तर तिनं मळ्याच्या बांधावरसुद्धा चढायचं नाही, तिची सावली पडली तरी वेल जळतो म्हणायचे. घरात चुलीपाशी आमच्यात चालायचं, पण मळ्याच्या बाबतीत हे फारच कडक. नवीन नवरी होते तेव्हा एकदा विसरून भाकरी घेऊन बांधापर्यंत गेले, तर माणसांपुढं माझा असा पाणउतारा केला की आजही आठवलं तरी कानशिलं तापतात. तेव्हापासून दर महिन्याला ते चार दिवस मी लांब लिंबाखाली बसायची. आणि तेच सोवळं पाळणारा माणूस आता स्वतः धोतर ओलं करत फिरत होता.

मळ्यातून परत आले तेव्हा चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. "वेल उतराया आलेत. दोन दिसात काम धरायला पायजे," म्हणाले. वेल शेवरीच्या झाडांवर चढून चढून उंच जातात, मग वर्षाला ते सोडवून खाली घ्यायचे, बुंध्याशी गुंडाळून मातीत दाबायचे आणि शेंडा परत शेवरीला बांधायचा. ह्यांच्यासारखा हात त्या कामात कुणाचा नव्हता. मी धोतराकडं बघितलं. मागून ओलं होतं. मी दुसरं काढून ठेवलं. त्यांनी ते बदललं.

पण आठवडा गेला नाही तोच मळ्यातली एक अख्खी ओळ माना टाकून बसली. पानं पिवळी, मग काळी. नेमकी तीच ओळ, जिच्यात हे उभे राहिले होते. मी जाऊन बघितलं. पाटाचं दार नीट बसलेलं नव्हतं, ओळीत पाणी साचून चिखल झालेला, वेल उपटला तर मूळ कुजलेलं, वास येत होता. दिराला दाखवलं.

दीर म्हणाला, "पानी दर साली साचतंय वैनी. ओळ कवा मेली न्हाय." आणि ह्यांच्या धोतराकडं बघितलं. तोंडानं बोलला नाही, पण ते बघणं पुरे होतं.

हे तिथंच उभे होते. एकदम वळले आणि घरी आले. मी मागं धावले तर सोप्यावर बसून शांतपणे म्हणाले, "मळा धाकल्याला सांगितला मी. आता मी तितं पाय ठेवनार न्हाय."

"पान्यानं मेली ती ओळ! मी मूळ बगितलंय."

"माज्या विटाळानं मेली. तुजा विटाळ चार दिसाचा हुता. माजा रोजचा हाय. तुला आडवली, मग मला कसा सोडू?"

असा हा प्रामाणिक गाढव! दुसरा असता तर स्वतःपुरता नियम वाकवला असता. ह्यांनी नाही. स्वतःलाच लिंबाखाली बसवलं. जेवण कमी झालं. गोळ्या घ्यायला विसरायला लागले, मग मला कळलं की विसरत नाहीत, खिडकीतून टाकतात. मी हातात देऊन, तोंड उघडायला लावून गिळायला लावायचे, तर म्हणायचे, "कशाला जगवतीस? मळ्यात उभं राह्यचं म्हनून कापून घेतलं. मळा गेला. आता कापलेलं तेवढं उरलं." दोन ऑपरेशनं, तो प्रवास, ते सगळं भोगून माणूस जगला, आणि आता एका ओल्या धोतरापायी मरायला बसला होता.

माझ्यापाशी एक गोष्ट होती. कुणाला न सांगितलेली, आईलाही नाही. सांगितली तर हे काय करतील ह्याचा नेम नव्हता. हात उगारला नव्हता कधी, पण ह्या गोष्टीवर उगारलाही असता. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेला विहिरीवर धुणं घेऊन पाठवलं, सोप्याचं दार लोटलं आणि त्यांच्यापुढं बसले.

"तुमाला मुदतीचा ताप आला हुता त्ये साल ध्यानात हाय?"

"हाय. मधीच काय?"

"धाकलं भावजी तवा मुंबईला गिरनीत हुतं. गडी एकटा. मळा कुनी सांबाळला?"

"तू."

"दीड-दोन महिनं तुमी आंथरुनात. रोज मी मळ्यात हुते. रोज. एक दिस घरी बसली न्हाय. आता तुमीच म्हना, त्येवड्या दिसात मला कावळा शिवलाच नसंल व्हय?"

कळायला वेळ लागला. कळलं तसा चेहरा बदलत गेला.

"मी वेलाला हात लावला," मी म्हटलं. "पानं खुडली. पानी दिलं. फडकं बांधून, पदर खोचून, भर मळ्यात. दुसरं कोन हुतं? नि पान कसं आलं त्या साली? तुमीच सांगता न्हवं सगळ्यांना, तसलं पान परत झालं न्हाय म्हनून? त्ये पान विटाळाचं हुतं!"

ह्यांनी हात नाही उगारला. उठले, माझ्याकडं पाठ केली आणि म्हणाले, "जा. तोंड दावू नगं."

मी गेले. पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की तोंड फिरवायचे. सून घाबरून विचारायची, "आत्याबाई, काय झालं वो?" मी सांगायची, काही नाही, तुझ्या सासऱ्याला पित्त झालंय. मनातून मात्र माझी गाळण उडाली होती. वाटलं, हातातलं होतं तेही घालवलं मी. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, आणि तिच्यावर मी तग धरून होते. गोळ्या खिडकीबाहेर पडायच्या बंद झाल्या होत्या. रागावलेला माणूस जगायचं सोडत नाही.

एका सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. मागं कुणीतरी खाकरलं. बघते तर हे, आंघोळ करून, ओल्या पंच्यात उभे.

"आजारातनं मी उठलो, त्येच्यानंतर पैल्यांदा मळ्यात गेलो तवा तू बांधावर हुतीस. मी तुला म्हनलो, मळा नटलाय. तवा का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर तुमी वेल उपटून टाकलं आसतं."

"टाकलं आसतं," म्हणाले. मग जमिनीकडं बघत, "ती घडी कशी बांधायची, त्ये दाव."

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"हासलीस तर बग."

"हासनारच! म्हनलं हुतं न्हवं, फडकं मी टाकनार न्हाय म्हनून?"

"म्हनली न्हवतीस."

"मनात म्हनलं हुतं."

आत नेऊन मी त्यांना दाखवलं. घडी कशी ठेवायची, नाडी कुठून घ्यायची, किती आवळायची, भिजली की कशी बदलायची, बरोबर पिशवीत दुसरी कशी ठेवायची. पोरीला पहिल्यांदा दाखवतात तसंच सगळं दाखवलं. त्यांनी दोनदा चुकीची बांधली, तिसऱ्यांदा जमली. वर लंगोट, त्यावर धोतर. चार पावलं चालून बघितलं, मुद्दाम खोकून बघितलं. धोतर कोरडं. त्यानंतर ते जितकी वर्षं जगले तितकी वर्षं रोज सकाळी न चुकता ती घडी बांधायचे. गोळ्यांनी पायाला सूज यायची, छाती दुखायची, पण त्या माणसानं परत घोंगडीत तोंड लपवलं नाही. एस.टी.त बाकड्यावर बसायचे. बारामतीच्या बाजारालाही जायचे, पिशवीत दुसरी घडी घेऊन.

पहिल्यांदा घडी बांधली त्या दिवशीच आम्ही दोघं मळ्यावर गेलो. वेल उतरवायचं काम दिरानं सुरू केलेलं होतं. ह्यांना बांधावर चढताना बघून त्यानं हातातला वेल सोडला.

"दादा, तुमी सांगितलं हुतं, येनार न्हाय म्हनून."

"चूक सांगितलं हुतं."

"मला ह्ये पटत न्हाय."

"नगं पटू दे. तू घरी जा, भाकरी खा, नि पटलं म्हंजे ये."

दीर खरंच निघून गेला, पाय आपटत. मी म्हटलं, आता आली का पंचाईत? वर शेवरीवरून वेल सोडवायला हे, खाली गुंडाळून घ्यायला मी, पण पाटीनं माती आणून टाकायला तिसरं माणूस लागतं. उतरवलेला वेल उघडा ठेवून चालत नाही, उन्हानं जातो. ह्यांनी एक वेल सोडवायला घेतला होता, तो खांद्यावर तसाच धरून ते इकडंतिकडं बघायला लागले.

सून भाकऱ्या घेऊन आली होती. बुट्टी लांब ठेवून लिंबाखाली बसली होती, अंग चोरून, पाठ मळ्याकडं करून. तिच्या अडचणीचं मला सकाळीच कळलं होतं, म्हणून मी तिला बोलावलं नव्हतं. ह्यांनी तिला हाक मारली.

"अगं पोरी, तितं काय बसलीस? पाटी उचल नि ये हिकडं."

सून धडपडून उठली. पदर डोक्यावर ओढला. मान खाली, आवाज एवढासा. सासऱ्यापुढं हे बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"मामंजी, मी... मी बाहेरची हाय."

हे खांद्यावरचा वेल सांभाळत तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता मान फिरवतील. 

"ठावं हाय," ते म्हणाले. "मीबी हाय. ये आत."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मीच जाऊन पाटी आणली आणि तिच्या हातात दिली.